सत्तावीस तारखेची बोतिखा

६ ऑगस्ट १९५७, मंगळवार

सेवेरोचं पत्र आलं. आणि मी ते फोडलं!

तोरिब्यो पोस्टमन दारात उभा राहून म्हणाला, "परत पाठवायचं असेल तर आत्ताच सांग कासिल्दा, मी पुन्हा ही चढण चढायचा नाही." बरोबर आहे त्याचं. बावीस वर्षांत मोंतेविदेओहून नऊ पत्रं आली, नऊच्या नऊ न फोडता परत केली. पाकिटावर स्वतःच्या हातानं लिहायचे — 'घेणार नाही'. शेवटचं येऊन अकरा वर्षं झाली. वाटलं, भाऊ थकला. आज काय झालं देव जाणे. ऊन मी म्हणत होतं, तोरिब्योला आधी पाणी दिलं, तो पीत होता तोवर पाकीट माझ्या हातात राहिलं. राहिलं ते राहिलं.

पत्र कसलं, चिठ्ठीच. अक्षर वेडंवाकडं, त्याचं वाटतच नाही. पंचेचाळिशीत हात कापायला लागला की काय? उतरवून ठेवते —

'कासिल्दा, बोतिखा तुझ्याकडे पाठवतोय. इथं ठेवण्यासारखी परिस्थिती राहिली नाही. सफ्राच्या फेलिसाबाई कायमच्या परत चालल्यात, त्यांच्या हाती सोपवतोय. सहा तारखेची बोट. सत्तावीसला सफ्राच्या बसनं गावात पोचेल. जप. उन्हात फार वेळ उभी ठेवू नकोस. बघशील तेव्हा आईच दिसेल तुला. आणि राग असेल तो माझ्यावर काढ, तिच्यावर काढू नकोस. — सेवेरो'

चार वेळा वाचलं. आईची बोतिखा, पाण्याची मातीची घागर, परत येतेय! आज सहा — म्हणजे बोट आजच सुटली असणार.

७ ऑगस्ट

'तिच्यावर काढू नकोस' म्हणे! मी काय ती फोडणार होते?

९ ऑगस्ट

दोन दिवस कामात लक्ष नाही. कुंभाराची सहा मडकी गोट्यानं घोटून, वर वेल उमटवून द्यायची होती, तीनच झाली, आणि एकावरची वेल अशी वाकडी गेली की आईनं हातावर फटका दिला असता.

आता कुणी वाचणार नाही म्हणून लिहिते. ती बोतिखा बाबांनी चाकावर काढलेली. मोठ्या पोटाची, आखूड गळ्याची, दोन कानांची, आठ लिटर पाण्याची. घोटायला आई बसली. एका बाजूची वेल पुरी केली, दुसऱ्या बाजूला कानाखाली अर्धं पान काढलं आणि कळा सुरू झाल्या — सेवेरो आला. ते पान अर्धंच राहिलं. आई म्हणायची, "राहू दे तसंच, कुठं थांबले ते लक्षात राहील." तशीच भाजली. तेवीस वर्षं घरातलं पाणी तिच्यात गार झालं. तिच्यातल्या पाण्याची चव दुसऱ्या कशाला नाही. नव्हती.

सेवेरो म्हणायचा, ती माझ्याबरोबर जन्मली, माझी आहे. मी म्हणायचे, आईचा हात शेवटचा जिच्यावर नीट चालला ती ही, नंतर तिची बोटं आखडली, म्हणजे घर सांभाळते तिची. पस्तीस साली पहाटे तो गेला, आणि घडवंचीतलं मधलं भोक रिकामं! विहिरीचं पाणी भरून घेऊन गेला होता. मला हाकही मारली नाही.

घडवंचीला तीन भोकं आहेत. मधल्या भोकात मी आजवर काही ठेवलं नाही. ओब्दुलिया शेजारीण दर उन्हाळ्यात म्हणते, "अगं, एक साधा घडा तरी ठेव. तोंडात दात पडल्यासारखं दिसतं ते." दिसू दे.

११ ऑगस्ट, रविवार

चर्चमधून येताना ओब्दुलियाला सांगितलं. सांगायला नको होतं. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही.

१३ ऑगस्ट

झालं! गावभर झालं. मास्तर एलाद्यो स्वतः आले. शाळेतून निवृत्त झाले पण शिकवणं सुटलं नाही. खुर्चीत बसले, पाणी प्याले, आणि सुरू —

"कासिल्दा, तुला कल्पना आहे का, बोतिखा हा किती फिरलेला शब्द आहे? इथनं तेल, दारू, ऑलिव्ह सगळं बोतिखांत भरून जहाजं सुटायची. हजारांनी! हिशेबच बोतिखांत व्हायचा. इतकी बोतिखा तेल, तितकी बोतिखा दारू. माल उतरला की रिकामी बोतिखा कोण परत आणतो? तिकडंच राहायच्या. लोक पाणी भरायचे, धान्य भरायचे, आणि चोराची भीती असली की सोनंनाणं भरून पुरायचे. त्यामुळं पेरूकडं अजूनही बोतिखा म्हटलं की माणूस पुरलेलं धन समजतो."

"आमच्यात पाणीच भरायचे," मी म्हटलं.

"आणि आपल्या चर्चचं छत! छत्तीसच्या लढाईआधी डागडुजी झाली तेव्हा मी वर चढून पाहिलंय. कमानीच्या वरच्या पोकळीत नुसत्या बोतिखा रचल्यात. वजन कमी व्हावं म्हणून. सगळ्या तडकलेल्या, वाकड्या, आव्यातून बिघडून निघालेल्या. विकल्या न जाणाऱ्या!"

मला हे माहीत नव्हतं. पन्नास वर्षं त्यांच्याखाली गुडघे टेकतेय.

जाताना दारात थांबून म्हणाले, "समुद्रापार गेलेली बोतिखा परत आल्याचं मी कुठं वाचलेलं नाही. तुझी पहिलीच." मास्तरांना शब्दांची माया आहे. बायकामुलं असती तर इतकी माया शब्दांवर खर्च झाली नसती.

१४ ऑगस्ट

ओब्दुलिया भिंतीआड उभी राहून सगळं ऐकत होती. 'पुरलेलं धन' तेवढंच ऐकलं. आज पिठाच्या गिरणीत तीन बायकांनी मला आधी नंबर दिला.

१५ ऑगस्ट

देवमातेचा सण. पाद्रीबाबांनी स्वतःहून विचारलं, "भाऊ बराय ना? तिकडं चांगलं बस्तान बसलंय म्हणे." घंटेला नवा दोर हवाय, तेही सांगून ठेवलं!

१८ ऑगस्ट

ओब्दुलियाला तोंडावर सांगितलं — "बाई, रिकामी घागर येतेय, सोनं नाही." तर डोळा मारते! "असंच म्हणत राहा तू. शहाणी आहेस." पालथ्या घड्यावर पाणी.

२१ ऑगस्ट

घडवंची पांढरी चुनकळी लावून घासली. मधल्या भोकाभोवती नवीन कापड शिवलं. बोतिखा इतकी वर्षं कोरडी राहिली असेल तर आधी दोन दिवस भिजत घालावी लागेल. मग मातीचा वास जायला बडीशेपेच्या दारूचे चार थेंब, मग एक पाणी टाकून द्यायचं, मग आपलं. बाटली उधार न मागता विकत आणली.

सेवेरोला उत्तर लिहायचं का? नाही. घागर पाठवली म्हणून झालं का सगळं? बाबा खोकत होते, घरात मी एकटी, आणि हा पहाटेचा उठून गेला. खरं सांगायचं तर घागरीचं निमित्त. मला सोडून गेला याचा राग. घागर गेली म्हणून भांडता येतं. मला टाकून गेलास, असं कसं लिहायचं पाकिटावर?

आणि राहिला असता तर? वर्षानं देशातच लढाई पेटली. त्याच्या वयाची, त्याच्यासारखी बोलणारी सात पोरं दफनभूमीच्या भिंतीशी नेऊन मारली. हेही मला माहीत आहे. राग ऐकत नाही.

२६ ऑगस्ट

उद्या. ओब्दुलियाचं गाढव घेतलं. दोन्ही बाजूंच्या टोपल्यांत पेंढा भरला, वर जुनी गोधडी. टोपलीत हात दाबून बघितला चार वेळा.

२७ ऑगस्ट, मंगळवार

कसं लिहू!

बस तासभर उशिरा आली. ओब्दुलिया आली होती बरोबर, "गाढव माझं आहे" म्हणून. सोनं बघायला! मास्तरही सावली धरून उभे. कंडक्टर टपावरून गाठोडी खाली फेकायला लागला तशी मी ओरडले, "अहो हळू! माझी बोतिखा आहे त्यात!"

बसच्या दारातून बारीक आवाज आला — "मी उतरतेय की!"

मी लक्ष दिलं नाही. पुन्हा ओरडले, "बोतिखा कुठाय? फेकू नका, वरून द्या हातात!"

"इथं आहे!" आणि एक पोरगी उडी मारून माझ्यासमोर उभी. नऊएक वर्षांची, कोपरापाशी आखूड झालेला कोट, भर उन्हात! हातात गाठोडं. मागून टोपीवाली बाई उतरली.

"तुम्हीच कासिल्दाबाई ना? मी फेलिसा. ही घ्या, सेवेरोची बोतिखा. सुखरूप पोचवली."

मी पोरीच्या मागं बघितलं. बाईच्या मागं बघितलं.

"कुठं?"

"ही काय समोर!"

"ही पोरगी आहे."

"मग? बोतिखाच की! तिकडं पोराला दुसरं काय म्हणतात?" बाई हसायला लागली, मग माझा चेहरा बघून थांबली. "अगबाई. तुम्हाला... त्यानं लिहिलं नव्हतं?"

लिहिलं होतं. शब्द न् शब्द लिहिलं होतं. उन्हात उभी ठेवू नकोस. बघशील तेव्हा आईच दिसेल. आणि दिसली! डावी भुवई वर चढवून माझ्याकडं बघत होती, आई हिशेबात चूक सापडली की बघायची तशी.

ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. फेलिसाबाई माझ्याकडं न बघता म्हणाली, "बाकीचं... बाकीचं ती सांगेल सावकाश," आणि चढून गेली.

आता जे केलं ते लिहिते, लाज वाटली तरी. पोर अठरा दिवस समुद्रावर काढून आली. भाची! आणि मी तिला पहिलं वाक्य काय बोलले?

"आणि घागर?"

"कुठली घागर?"

शेवटी ओब्दुलियाच पुढं झाली. "नाव काय गं तुझं?" "नेलिदा." "भूक लागलीय?" "नाही. तहान लागलीय." तिला टोपलीत पेंढ्यावर बसवली आणि घरी आणली. मास्तर गाढवामागं स्वतःशीच बडबडत चालले होते — "पोट मोठं, मान आखूड... लहान मूल... अर्थातच! अर्थातच!"

घरी तिनं घडा उचलला, ओठ न लावता वरून धार धरली, थेंब सांडला नाही. "पापांनी शिकवलं." आमच्या बाबांची रीत. घडा अर्धा केला.

२८ ऑगस्ट

गाव हसून लोळतंय. 'कासिल्दाची घागर चालत आली.' गिरणीत आज माझा नंबर शेवटी.

२९ ऑगस्ट

मास्तर आले, टोपी हातात. "माझी चूक. पेरूचं वाचलं, सेवेरोच्या उरुग्वेचं वाचलंच नाही." मी म्हटलं, "सेवेरो तरी आमचाच ना? त्याला ठाऊक नव्हतं इथं काय म्हणतात?" म्हणाले, "नऊ वर्षं तो रोज त्या पोरीला हीच हाक मारत असेल गं. मग घागर कशी आठवेल?"

विचारलं पोरीला, पापा कुठं? "दवाखान्यात. छातीचं." आई? "मी तीन वर्षांची होते तेव्हा." आणि पापा बरे होऊन कधी येणार? भुवई खाली आली. "माहीत नाही."

१ सप्टेंबर, रविवार

शहाणी आहे. सांगितलेलं करते, न सांगितलेलंही करते. पण गाठोडं सोडत नाही. कपडे काढते, धुते, पुन्हा बांधून दाराशी ठेवते. कपाटातला खण रिकामा करून दिला — "नको, असू दे." झोपते तीही बूट घालून! अंथरुणावर फडकं टाकलं पायाखाली. काढ म्हटलं तर म्हणते, "सवय आहे." कुठल्या देशात बुटांसकट झोपायची सवय असते?

चर्चमध्ये सारखी वर बघत होती. मी कानात सांगितलं छतातल्या घागरींचं.

"तडकलेल्या? मग पडत नाहीत?"

"चारशे वर्षं पडल्या नाहीत."

बाकीचा प्रवचनाचा वेळ तिनं मान वर करूनच काढला. पाद्रीबाबा खूश. वाटलं, पोर भाविक आहे.

४ सप्टेंबर

ओब्दुलियाच्या हातून अंगणात पाण्याची घागर निसटली. ती ओरडली, "अगं बाई, बोतिखा गेली!" आणि नेलिदा आतून पांढरीफटक होऊन धावत आली — "नाही, मी इथंच आहे! मी कुठं गेले?" ओब्दुलिया हसून हसून खाली बसली. पोर हसली नाही. मला हसू आलं नाही.

५ सप्टेंबर

आज विचारलं, शांतपणे. आजीची एक घागर होती, पापांनी नेली होती, ती कुठंय?

कोटाच्या खिशात हात घातला आणि माझ्या तळहातावर ठेवलं. एक कान. आणि कानाखाली दोन बोटं रुंदीचा तुकडा — अर्धं पान.

"बंदरावर हमालानं टाकली. पापा उतरले त्याच दिवशी. सगळं पाणी फळ्यांवर सांडलं. पापा म्हणायचे, एकदाच रडलो ते तेव्हा. एवढाच तुकडा मिळाला. हा आजीचा हात आहे, म्हणायचे."

बावीस वर्षं जी घागर मागत होते, ती पहिल्याच दिवशी फुटली होती!

"मग मला कळवायचं नाही?"

भुवई चढली. "कळवलं की. पहिल्याच पत्रात. 'फुटली गं, माफ कर.' तुम्ही परत पाठवलंत."

"तुला काय माहीत त्यात काय होतं?"

"सगळी परत आलेली पत्रं पापांच्या डब्यात आहेत. पापांनी मला त्यांच्यावरच वाचायला शिकवलं. पाकिटापासून. मला पहिलं वाचता आलं ते तुमचं अक्षर."

काय होतं ते मी विचारलं नाही. मलाच ठाऊक आहे पाकिटावर काय होतं. दोनच शब्द. माझ्या भाचीनं त्यांच्यावर अक्षरं गिरवली! मी मागच्या दारी गेले आणि तोंडात एप्रन कोंबून रडले. कोंबड्या बघत होत्या.

८ सप्टेंबर

गोटा कसा धरायचा ते दाखवलं. मडकं मांडीवर, माती अर्धी वाळलेली, गोटा अंगठ्याखाली, श्वास सोडत ओढायचा. तिनं पहिलीच रेघ अशी ओढली की मी माझा गोटा खाली ठेवला. जीभ बाहेर काढून घोटते. आईही काढायची.

१० सप्टेंबर

सेवेरोला पत्र लिहिलं. बावीस वर्षांत पहिलं! तीन कागद फाडले. शेवटी असं गेलं —

'सेवेरो, बोतिखा पोचली. कुठं तडा नाही, टवका नाही. तुकडाही पोचला. नऊ पत्रं परत पाठवली, त्यातलं एकही वाचलं नाही, आता वाचीन, डबा पाठव. नाहीतर डबा घेऊन तूच ये. राग मला कशाचा होता ते तू आलास की सांगीन, घागरीचा नव्हता. विहिरीला पाणी भरपूर आहे. — तुझी बहीण.'

नेलिदाला म्हटलं, तूही दोन ओळी लिही. पेन हातात घेतलं, खाली ठेवलं. "तुम्हीच लिहा. तुमचं अक्षर त्यांना आवडतं." आणि अंगणात निघून गेली. रुसली असेल बापावर, इतकं लांब पाठवलं म्हणून. तोरिब्योला पाकीट दिलं तर त्यानं ते उन्हात धरून बघितलं — "तुझ्या हातनं घेण्याची सवय नाही मला!"

१९ सप्टेंबर

अंजिरं आली. पोट दुखेपर्यंत खाल्ली दोघींनी.

३० सप्टेंबर

शाळा सुरू झाली. पहिल्या दिवशी मागच्या बाकावर घुसून बसलेल्या मास्तरांनी उठून वर्गाला बोतिखेचा अख्खा इतिहास सांगितला, नव्या बाईंना न विचारता! आता सगळी पोरं तिला बोतिखाच म्हणतात. चिडवायला म्हणतात, तिला वाटतं घरचं नाव घेतायत. "आत्या, इथंही मला तेच म्हणतात!" खूश!

'आत्या' म्हणाली आज. पहिल्यांदा.

१२ ऑक्टोबर

तोरिब्योला रोज विचारते. तो आता लांबूनच मान हलवतो. महिना झाला. विमानाच्या टपालाला इतका वेळ लागतो? हात कापत असेल त्याचा. कुणाकडून लिहून घेईल.

मधल्या भोकात काय ठेवू? नेलिदानं घोटलेला छोटा घडा आव्यातून नीट निघाला. तिला म्हटलं, ठेव तिथं. "नको. ती जागा पापांच्या घागरीची." हट्टी कुठली! कुणावर गेलीय ते सांगायला नको.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

तोरिब्यो आला. चढण चढून दारापर्यंत आला, आणि टोपी काढली.

माझंच पत्र. माझंच पाकीट, माझं अक्षर, न फोडलेलं. वर जांभळा शिक्का आणि खाली कुणा परक्या हातानं लिहिलेले दोन शब्द. 'मयत. परत.'

न फोडलेलं पत्र हातात आलं की कसं वाटतं ते आज कळलं. नऊ वेळा त्याला हे केलं मी.

नेलिदा शाळेत होती. पत्र हरभऱ्याच्या बरणीत तळाशी दाबलं. तोरिब्योला बजावलं, तोंडातून शब्द काढायचा नाही. तो म्हणाला, "पण पोरीला..." मी म्हटलं, सांगीन. कसं सांगायचं ते मला सुचेपर्यंत नाही. आईविना पोर, बाप बरा होईल या आशेवर गाठोडं बांधून बसलीय.

२७ ऑक्टोबर

तिच्यासमोर हसते. विहिरीवर रडते. सेवेरो, माझ्या भावा, पाणी भरपूर आहे असं लिहिलं होतं रे तुला!

३१ ऑक्टोबर

"आत्या, हरभरे का नाही शिजवत हल्ली?" म्हणाली. म्हटलं, कीड लागलीय. भुवई चढली.

२ नोव्हेंबर १९५७, मृतांचा दिवस

वाडग्यात तेल घेतलं, आईबाबांच्या दोन वाती सोडल्या. तिसरी मुठीत धरून होते, नेलिदाची पाठ वळली की लावू म्हणून. तिनं मूठ उघडली माझी. वात घेतली आणि स्वतः लावली. "ही पापांची."

तिला माहीत होतं! बोट सुटायच्या चार दिवस आधीच गेला तो, म्हणाली. मी पत्र फोडलं, घागर येणार म्हणून नाचले, तेव्हा माझा भाऊ मातीत होता. आणि ही पोर तोंड दाबून तीन महिने राहिली.

"मला का नाही सांगितलंस गं?"

"पापा बरे होणार आहेत असं वाटलं तर तुम्ही थोडे दिवस तरी ठेवाल. कायमची म्हटलं असतं, तर 'घेणार नाही' लिहिलं असतंत."

किती वेळ तिला धरून बसले ते माहीत नाही. मग दोघींनी मिळून गाठोडं सोडलं. खण भरला. तिचा घडा मधल्या भोकात ठेवला, तिनं ठेवू दिला. दुपारी म्हणाली, "आत्या, तू पण पड ना जरा."

झोपलीय. बूट दाराशी काढून ठेवलेत.